बहिणी, पण घरे वेगळी

आंतरधर्मीय संवादावरील आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे. पण सलोख्यासाठी प्रत्येकाने आपली धार्मिक ओळख थोडी मागे ठेवावी, हे त्यांचे म्हणणे मला मान्य नाही.

गोव्याचा अनुभव वेगळे सांगतो. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरीमाता, या बहिणी, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. लोककथेतील सात बहिणींपैकी मिराबाई ती ही सायबीणच. तरी दोघींची घरे एक झाली नाहीत. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत लईराईचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, मीस (चर्चमधील प्रार्थनाविधी) होते आणि हिंदू भाविक तेल वाहतात.

माझी आईही दरवर्षी तेलाची बाटली घेऊन जाई. कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर. रांगेत पुढे मेणबत्ती घेतलेली एखादी ख्रिस्ती बाई असे, दोघी मुलाबाळांची चौकशी करत. मीस चालू असली तर आई मागे हात जोडून उभी राही, पण ओस्तिया, म्हणजे मीसमधला पवित्र प्रसाद, घ्यायला जात नसे. ‘तो त्यांचा,’ एवढेच म्हणे. त्यात दुरावा नव्हता, मान होता.

शिवोलीतही नाताळानंतरच्या जागर या पारंपरिक लोकोत्सवाला दोन्ही समाज एकत्र येतात. तेलही असते आणि मेणबत्त्याही. संवादाच्या व्यासपीठांवर धर्मगुरूंबरोबर या जत्रा-फेस्तांतील साध्या भाविकांनाही बोलवावे, अशी आयोजकांना विनंती आहे.

— एक वाचक, डिचोली