बाहेरून साधी, आतून दमदार

महोदय,

२०१७ साली आलेली मारुतीची बलेनो आरएस ही गाडी आज फारशी कुणाच्या लक्षात नाही. दिसायला नेहमीचीच बलेनो. पण बॉनेटखाली ९९८ सीसीचं टर्बो (म्हणजे जादा हवा दाबून आत घेणारं) इंजिन, १०२ पीएस ताकद आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. मी घेतली तेव्हा ती दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. ऑइल डांबरासारखं काळं, मागच्या डिस्कवर गंजाचा थर आणि टर्बोच्या रबरी नळीला बोटभर चीर. (त्या चिरेतून दाबाची हवा निसटायची, म्हणूनच तिच्यात दम उरला नव्हता.) नळी बदलली, ऑइल दोनदा बदललं. मग दोन हजार आरपीएमनंतर तिनं जी ओढ घेतली, ती अजून अंगात आहे! ज्यांच्याकडे अशी गाडी पडून असेल, त्यांनी ती भंगारात देण्याआधी ती नळी एकदा हातानं चाचपून पाहावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक