पालकमंत्री महोदय, माझ्याशी उजव्या बाजूनं बोलू नका

माननीय पालकमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गणपतीआधी शांतता समितीच्या बैठकीला आपण आमच्या गावात आला होतात. शिक्षकांना सक्तीनं बोलावलं होतं, म्हणून मीही होते, शेवटून दुसऱ्या रांगेत. 'यंदा डॉल्बी वाजणार नाही. वाजली तर जागेवर जप्त,' असं आपण ठणकावून सांगितलंत. टाळ्या मीही वाजवल्या. त्याची आता लाज वाटते.

अनंत चतुर्दशीच्या रात्री नऊच्या सुमाराला पुढं मिरवणूक तुंबली आणि एका मंडळाचा ट्रॅक्टर बरोबर आमच्या दारात थांबला. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत, आणि त्या भिंतीच्या माथ्यावर, फोटोत, हात जोडलेले आपण. चाळीस मिनिटं ट्रॅक्टर जागचा हलला नाही. आत सासूबाई, वय ८१, छातीवर हात दाबून पलंगावर बसलेल्या. मांडणीतली भांडी थरथरत पुढं सरकत होती. एक वाटी फरशीवर पडली, पण ती पडलेली नुसती दिसली, आवाज आलाच नाही.

शेवटी मी बाहेर गेले. ऑपरेटर माझाच जुना विद्यार्थी. स्पीकरपासून दोन हातांवर उभी राहून मी ओरडतेय, 'आवाज कमी कर रे!' त्याला काही कळेना. मग त्यानं एका कानातून फोमचा पिवळा बोळा उपसून काढला, म्हणाला, 'बाई, वर्षातनं एकच दिवस असतोय,' आणि बोळा पुन्हा कानात सारला. म्हणजे वाजवणाऱ्याला ठाऊक आहे बरं का, काय वाजवतोय ते!

मी ११२ लावला. ठाण्यातून उलट फोन आला. मोजायचं मशीन साहेबांकडं, साहेब बंदोबस्तात, उद्या येऊन अर्ज द्या. उद्या कशाचा अर्ज द्यायचा हो? पोरानं मोबाइलमधल्या अ‍ॅपवर मोजलं तर आकडा ११४ डेसिबल. अ‍ॅपचा भरवसा नाही म्हणता? काढा दहा. १०४ उरतात. मी गणित शिकवते, म्हणून पुढचंही सांगते. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेनं कामगारांसाठी घालून दिलेलं प्रमाण आहे: ८५ डेसिबल आवाजात फार तर आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. १०० ला पंधरा मिनिटं. १०४ ला जेमतेम सहा. आम्ही चाळीस मिनिटं काढली.

त्या रात्री कान दडे बसल्यासारखे झाले आणि उजव्या कानात शिट्टी सुरू झाली. कुकरची नव्हे, कुकरची थांबते. वाटलं, सकाळपर्यंत उतरेल. तिसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, दुसऱ्याच दिवशी यायला हवं होतं. कानाच्या आत गोगलगाईसारख्या नळीत केसाळ पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. थोडा मार बसला तर त्या सावरतात, मेल्या तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. तपासणीच्या कागदावर डाव्या कानाची रेघ बऱ्यापैकी सपाट, उजव्याची ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच सुरांपाशी, विहिरीत पडल्यासारखी. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत. मिरवणुकीला आज बारा दिवस झाले. थोडं परत आलंय. शिट्टी आहे तिथंच आहे.

माझ्या वर्गात ३४ मुलं. एका कानानं आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. दाराकडून कुणी 'बाई' म्हटलं की मी खिडकीकडं बघते. पोरांनी चारच दिवसांत याचा खेळ केला. एक उजवीकडून हाक मारतो, मी डावीकडं वळते, सगळे खिदळतात. पोरं ती, त्यांच्यावर कशाला रागवू? पण वर्गात जरा कुजबुज असली की 'सात' म्हणाला की 'साठ' ते कळत नाही. 'स' आणि 'श' मधला फरक मी वीस वर्षं घोटून घेतला, आता तो मलाच चाचपावा लागतो.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात बसायचं तर दोन्ही कानांत निदान ६० डेसिबलची तूट लागते. म्हणजे सरकारदरबारी मला काहीच झालेलं नाही. दुसऱ्या कानासाठी पुढच्या विसर्जनापर्यंत थांबू का?

कायदा नाही असंही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र घोषित करता येतं. वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येते. पण ती सवलत वेळेची आहे हो, आवाजाची नाही! हा फरक तिसरीतल्या पोराला कळतो. २०२५ मध्ये सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सव केलं. आनंद आहे. मी स्वतः अकरा दिवस आरती म्हणते. टाळ-झांजांनी आमच्या दारात कधी वाटी पडली नव्हती. आणि लगेच 'आमचेच सण का दिसतात' म्हणू नका. लग्नाच्या वराती, जयंत्या, उरूस आणि आपला वाढदिवस, सगळे याच रस्त्यानं जातात.

ऑगस्टमध्ये परिपत्रक आलं: ध्वनिप्रदूषण जनजागृती फेरी काढा, फोटो अपलोड करा. काढली. 'आवाज कमी, आरोग्याची हमी' असा फलक धरून जी पोरं उन्हात चालली, त्यातल्या निम्म्यांचे बाप त्या ट्रॅक्टरपुढं नाचत होते. फोटो मात्र वेळेत अपलोड झाले. आपलं सगळं असंच चालतं. झाडं लावा, फोटो. हात धुवा, फोटो. शाळेचं छप्पर चौथ्या पावसाळ्यात गळतंय, त्याचा फोटो पाठवला तर उत्तर नाही. डॉल्बीची सुपारी मंडळामागं लाखभर धरली (माझा अंदाज, चुकला तर आपण दुरुस्त करा, आपल्याला जास्त माहीत) तरी गावातल्या वीस मंडळांच्या पैशात आमच्या शाळेवर सोन्याची कौलं चढतील.

घटस्थापना चार दिवसांवर आली. मिरवणुकीच्या प्रत्येक चौकात मोजणीचं मशीन आणि ते चालवता येणारा माणूस द्या. बंदोबस्तातल्या पोलिसांना कानातले बोळे द्या. ती पोरं त्या रात्री बारा तास भिंतीला खेटून उभी होती, उघड्या कानांनी. कापूस देऊ नका, त्यानं फारसं काही अडत नाही. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट धरायचं. वीसेक डेसिबल सहज कमी होतात. लहान पोरांना खांद्यावर घेऊन स्पीकरपुढं नेऊ नका, आणि कानात शिट्टी राहिली तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठा, एवढं आपल्या भोंग्यावरून सांगा. भोंगा आपल्याकडं आहेच. आणि त्या भिंतीवरून आपला फोटो तेवढा काढायला सांगा.

उत्तर देणार असाल तर लेखी द्या. फोन करू नका. सवयीनं मी तो अजून उजव्या कानालाच लावते.

आपली,
तिसरीच्या वर्गाची बाई
(सेवाशर्ती आपल्याच सरकारच्या आहेत, म्हणून नाव घालत नाही.)