ताईची सही

महोदय,

छत्तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं, पण भावंडांचं गणित मला ताईकडे पाहूनच उमगलं. आई खुरपणीला गेली की नऊ वर्षांची ताई मला कडेवर घेऊन घर सांभाळायची. चौथीनंतर तिची शाळा सुटली ती त्यापायीच. चिंपांझी मादीला दोन पिल्लांत साधारण पाच-सहा वर्षांचं अंतर लागतं. माणसाची आई त्याआधीच पुन्हा बाळंत होऊ शकते, कारण आधीचं मूल सांभाळायला आजी, मावशी, मोठी भावंडं असतात. अशा असंख्य तायांच्या कडेवर आपली जात वाढली!

सख्ख्या भावंडांत वारशाने आलेली सरासरी निम्मी जनुकं सारखी असतात. भावंडासाठी झीज सोसण्याचा स्वभाव निसर्गात का टिकतो, हे जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये याच निम्म्यावरून दाखवलं. आणि आईबापांच्या मायेच्या वाटणीवरून मुलं का भांडतात, हे रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ मध्ये. भाऊ असो वा बहीण, सरासरी निम्मंच.

मग हक्कसोडपत्र बहिणीकडूनच का? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तरी वडील गेल्यावर नातेवाइकांनी कागद तयारच करून आणला. "तिला माहेर हवंय ना, करेल सही." ताई निघालीही होती. मी तो कागद फाडला.

आज सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. विहिरीकडचा तुकडा तिने मागून घेतला. तिथल्या आंब्याखाली ती मला झोपवायची.

– एक निवृत्त शिक्षक, कराड