'ठीक आहे, पाठवतो' हाही करारच

माननीय संपादक,

पर्यटनाचा मोसम तोंडावर आला की हॉटेलवाले आणि कारखानदार यांच्यात व्हॉट्सॲपवरच व्यवहार ठरतात. समजा, कळंगुटच्या हॉटेलाने फोंड्याच्या सुताराला लिहिले, "४० खुर्च्या, नग २,४०० रुपये, २० ऑक्टोबरपर्यंत पोच." सुताराचे उत्तर, "ठीक आहे, पाठवतो." पुढे एकाने हात वर केले की कारण ठरलेले: सही कुठे आहे? स्टँप पेपर कुठे आहे?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याला अशा व्यवहारात दोन्हींची गरज नाही. प्रस्ताव, बिनशर्त होकार, मोबदला आणि बांधून घेण्याचा हेतू असला की झाले. ईमेल-मेसेजवरचा करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून रद्द ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये स्पष्ट आहे. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम खटल्यात बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ईमेलवर ठरला होता आणि औपचारिक करारावर सह्या झाल्या नव्हत्या. तरी करार झालाच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले.

खरी गंमत होकाराच्या शब्दांत असते. "भाव मान्य, पण टेम्पोचे भाडे तुमचे" हा होकार नव्हे, नवा प्रस्ताव आहे (करार कायदा, कलम ७). मात्र त्यावर काही न बोलता हॉटेलाने भाडे देऊन माल उतरवून घेतला, तर ती कृतीच संमती धरली जाऊ शकते. भाव ठरलाच नव्हता, ही सबबही खुर्च्यांसारख्या मालाला पुरत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे तेव्हा वाजवी भाव द्यावा लागतो. नग किती, हेच कळत नसेल तर मात्र करार अनिश्चित म्हणून कोसळतो.

बोलणी चालू असतानाच अडकायचे नसेल, तर प्रत्येक कोटेशनखाली लिहावे: "लेखी करारावर दोघांच्या सह्या होईपर्यंत कोणतेही बंधन नाही." माल निघाल्यावर हे वाक्य आठवून उपयोग नाही.

आणि पुरावा? नुसता स्क्रीनशॉट न्यायालयात लंगडा पडतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, एक भाग पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, हॅश मूल्यासह (फाइलचा जणू डिजिटल ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो). तेव्हा 'गायब होणारे मेसेज' बंद ठेवावेत, चॅट एक्सपोर्ट करून ठेवावी आणि पैसे वसूल होईपर्यंत जुना फोन विकू नये.

आपला,
एक वाचक, फोंडा