आधी वायर ठरवा, खोका नंतर

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात इलेक्ट्रिक गाड्यांवर जे लेख येतात ते मी नेमाने वाचतो आणि दरवेळी एक गोष्ट खटकते, म्हणून शेवटी लिहायला बसलो. रेंज किती, बॅटरी किती किलोवॅट-अवरची, शून्य ते शंभर किती सेकंदात, स्क्रीन केवढी, सगळं असतं, पण गाडी रात्री घरी नेमकी किती वीज ओढणार हा आकडा एकतर नसतोच नाहीतर कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो. आणि घरी चार्जर बसवायचा म्हटलं की सगळ्यात आधी लागतो तो हाच. मी वायरिंगच्या कामातला माणूस आहे, लोक गाडी बुक करतात, चार्जर मागवतात आणि मग फोन करतात की खोका आलाय, फक्त भिंतीवर लावून द्या, तासाभराचं काम आहे. तासाभराचं काम खोक्याचं असतं हो, त्याच्या मागच्या वायरचं नसतं.

मुळात भिंतीवरचा तो खोका बॅटरी चार्ज करतच नाही. घरी आपण एसी देतो, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, आणि बॅटरीला लागतं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, एसीचं डीसी करणारा ऑनबोर्ड चार्जर गाडीच्या पोटातच बसवलेला असतो. खोक्याचं काम एवढंच की गाडीला सांगायचं, तुला इतके अँपिअर घ्यायची परवानगी आहे, आणि काही बिनसलं की सप्लाय तोडायचा. सांगण्याची पद्धत पण मस्त आहे, केबलमध्ये कंट्रोल पायलट नावाची एक बारीक वायर असते, तिच्यावर सेकंदाला हजार पल्स जातात आणि पल्स किती वेळ चालू राहतो त्यावरून गाडीला कळतं, दहा टक्के वेळ चालू असेल तर 6 अँपिअर, पन्नास टक्के असेल तर 30. गाडी त्याच्या वर जात नाही, आणि स्वतःच्या ऑनबोर्ड चार्जरच्या वर तर जाऊच शकत नाही. नळ कितीही मोठा लावा, घागरीचं तोंड आहे तेवढंच राहणार. त्यामुळे 3.3 किलोवॅट घेणाऱ्या गाडीसाठी 22 किलोवॅटचा खोका लावून कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत असेल तर दाखवू दे बापडा, गाडी 3.3 नेच भरणार.

बरं बॅटरी मोठी म्हणून ऑनबोर्ड चार्जर पण मोठा असंही नसतं. 2010 च्या शेवटी निसान लीफ आली तिची बॅटरी 24 किलोवॅट-अवरची आणि आतला चार्जर 3.3 किलोवॅटचा, आणि दोनेक वर्षांनी आलेली रेनॉ झोई, बॅटरी साधारण तेवढीच पण एसीवर 43 किलोवॅटपर्यंत घ्यायची. म्हणजे एकाच काळातल्या, एकाच आकाराच्या दोन गाड्या, आणि घरच्या वायरिंगच्या दृष्टीने दोन वेगळ्या दुनिया. आणखी एक मेख आहे ती फेजची, म्हणजे घरात येणाऱ्या लाइव्ह वायरी एक की तीन याची. जाहिरातीत 11 किलोवॅट लिहिलेलं असतं ते तीन फेज मिळून, प्रत्येकी 16 अँपिअर. तीच गाडी सिंगल फेज घरात आणली तर काही गाड्या एकाच फेजवर 32 अँपिअर घेऊन 7.4 पर्यंत जातात आणि काही 16 वरच अडतात, म्हणजे जेमतेम 3.7. हे घेण्याआधी विचारायला हवं ना, नंतर विचारून काय उपयोग. उलट बाजूने पण होतं, गाडी 7.2 ची सिंगल फेज आणि घरी थ्री फेज खोका, मग बाकीचे दोन फेज नुसते बसून राहतात आणि सगळा लोड एकावर.

आता तुम्हाला मुळात किती लागतं ते बघू, कारण इथेच लोक बॅटरीचा आकडा बघून घाबरतात. 60 किलोवॅट-अवरची बॅटरी साध्या 10 अँपिअरच्या सॉकेटवरून, म्हणजे 2.3 किलोवॅटने, रिकामी ते फुल्ल भरायची तर सव्वा दिवस जातो, हे खरं. पण रोज रात्री बॅटरी रिकामी करून कोण घरी येतं? कार साधारण एका युनिटला, म्हणजे एका किलोवॅट-अवरला, सहा-सात किलोमीटर चालते, रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटर धरलं तर सहा-साडेसहा युनिटं, चार्जिंग करताना वाया जाणारी दहा-पंधरा टक्के धरून सात. ती सात युनिटं त्याच साध्या सॉकेटवर तीन-सव्वातीन तासांत भरतात आणि गाडी उभी असते दहा तास. म्हणजे बऱ्याच लोकांना 7 किलोवॅटची गरजच नसते, असली तर सोय म्हणून असते. ज्याचं रोजचं शंभर-दीडशे किलोमीटर आहे, किंवा रात्री उशिरा येऊन पहाटे निघायचंय, किंवा स्वस्त दराचे तासच थोडे आहेत, त्याने मोठा विचार करावा. घरी डीसी फास्ट चार्जर मिळेल का असंही विचारतात लोक, तर नको, 50 किलोवॅट म्हणजे अनेक घरांचा मिळून लोड झाला, ते काम हायवेवरचं.

स्कूटरवाल्यांचं वेगळं. स्कूटरचा चार्जर बहुतेक वेळा हजार वॅटच्या आतबाहेर, तीन-चार अँपिअर, त्याला खोका-बिका काही लागत नाही, चांगला सॉकेट आणि चांगलं अर्थिंग असलं की झालं. पण काळजी वेगळी घ्यावी लागते, बॅटरी काढून घरात नेता येते म्हणून लोक ती दाराशीच चार्जिंगला लावतात, आणि लिथियम बॅटरी पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद. गादीवर, पडद्याखाली, जिन्यात तर अजिबात नको, आणि गाडी चालवून आल्या आल्या गरम बॅटरी लगेच लावू नका. चार्जर तिचाच वापरा, पिन बसतेय म्हणून दुसऱ्याचा लावायचा नाही. प्लग-इन हायब्रिडवाल्यांनी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीवाल्यांनी पण मोठ्या खोक्याच्या मागे लागू नये, त्यातल्या पुष्कळ गाड्या 3.7 च्या आतच घेतात आणि बॅटरीही छोटी.

मग साधा सॉकेटच बरा की, असं कुणी म्हणेल. कामचलाऊ म्हणून ठीक आहे पण कुठला सॉकेट ते बघा. मागे एका घरी गेलो, गाडीसोबत आलेली पोर्टेबल केबल पार्किंगमधल्या जुन्या सॉकेटला लावलेली, तक्रार काय तर चार्जिंग मध्येच बंद पडतं. प्लग उपसला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळट तपकिरी झालेलं, मागे उघडलं तर स्क्रू हाताने फिरत होता आणि वायरचं इन्सुलेशन बोटभर कडक होऊन तडकलेलं. त्या केबलच्या प्लगमध्ये टेंपरेचर सेन्सर होता म्हणून ती बंद पडत होती, घरमालक मात्र केबललाच नावं ठेवत होते. इस्त्री, मिक्सर, गीझर हे थोडा वेळ चालतात, गाडी तोच सॉकेट सहा-आठ तास सलग पूर्ण लोडवर ठेवते, आणि करंट दुप्पट झाला की त्याच सैल जोडावर उष्णता चौपट होते. एक्स्टेंशन बोर्ड तर विषयच नको, आणि गुंडाळलेल्या ड्रमवर चार्जिंग लावणाऱ्याला मी तोंडावर बोलतो. सॉकेटच वापरायचा असेल तर डीबीपासून, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बोर्डापासून, स्वतंत्र सर्किट ओढा, दुसरं काही त्यावर नको, आणि सॉकेट जाडजूड घ्या.

वायरचं गणित एकदा सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. डीबी ते पार्किंग तीस मीटर धरा, जाऊन येऊन साठ. 32 अँपिअरला 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली तर वाटेतच जवळजवळ 9 व्होल्ट जातात आणि पावणेतीनशे-तीनशे वॅट वायर गरम करण्यात खर्च होतात, रोज, चार्जिंग चालू आहे तोपर्यंत. तीच 6 ची टाकली तर सहाएक व्होल्ट, 10 ची टाकली तर साडेतीन. आणि वायर पाइपात बाकीच्या वायरींसोबत कोंबलेली असेल, वर उन्हाळा असेल, तर पुस्तकातली अँपिअरची क्षमता तुम्हाला मिळतच नाही, उतरवून धरावी लागते. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, हा वायरीच्या रक्षणाला असतो, गाडीच्या नाही, सलग 32 ओढायचे तर मी 40 चा घालतो पण मग वायर 40 पेक्षा कमजोर चालत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आजची गाडी 3.3 घेत असली तरी वायर पुढच्या गाडीची टाका, कारण खोका चार स्क्रूंचा, उद्या बदलता येतो, पण फरशीखालून आणि भिंतीतून गेलेली वायर कोण उपसणार! खोकाही असा बघा ज्यात आतून अँपिअर सेट करता येतात, आज 16 वर ठेवा, मोठी गाडी आली की 32 करा.

सेफ्टीबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर. घरात अर्थ लीकेजसाठी, म्हणजे करंट अर्थमध्ये किंवा माणसात गळायला लागला की सप्लाय तोडायला, जो आरसीडी असतो तो पुष्कळ घरांत एसी टाइपचा, तो साध्या एसी लीकेजला ट्रिप होतो. गाडीच्या चार्जरमध्ये काही बिघाड झाला तर डीसी लीकेज येऊ शकतं, आणि थोडं डीसी वाहिलं की त्या आरसीडीचा चुंबकी गाभा संपृक्त होऊन तो आंधळा होतो, म्हणजे खरंच कुणाला शॉक बसला तरी पडणार नाही. टेस्टचं बटण दाबून बघितलं, पडला, म्हणजे सगळं ओके असं नाही, बटण एसीवरच चालतं. म्हणून गाडीच्या सर्किटला एकतर डीसी लीकेजही ओळखणारा 30 मिलीअँपिअरचा टाइप बी आरसीडी लावा, नाहीतर खोक्याच्या आतच 6 मिलीअँपिअर डीसी ओळखणारं सर्किट आहे याची खात्री करून मग टाइप ए. खोक्याच्या कागदांवर हे लिहिलेलं असतं, एक ओळ असते, पण ती वाचायची. आणि प्रत्येक पॉइंटला त्याचा स्वतःचा आरसीडी, दोन गाड्यांना मिळून एक नाही. अर्थिंग मोजून घ्या, नुसतं टेस्टरने बघून नाही. अर्थ नीट नसेल तर बरेच खोके लाल दिवा लावून चालूच होत नाहीत, मग कुणीतरी हुशार अर्थ आणि न्यूट्रल आत जोडून देतो आणि दिवा हिरवा होतो. असं कुणी करत असेल तर त्याला घरातून हाकला, न्यूट्रल तुटला तर गाडीची अख्खी बॉडी लाइव्ह होईल.

मग घराचा एकूण लोड. एसी दीड किलोवॅट, गीझर दोन, इंडक्शन दोन, त्यात गाडीचे सात, सगळं एकदम लागलं की मेन पडणार. यावर दरवेळी मंजूर लोड वाढवणं हाच उपाय नाही. मेनच्या वायरीवर एक सीटी क्लॅम्प, म्हणजे वायरीभोवती बसणारं करंट मोजायचं कडं, बसवून घर किती घेतंय ते खोक्याला कळवता येतं, गीझर लागला की खोका पल्स चालू राहण्याचा वेळ कमी करतो आणि गाडी 32 वरून 14 वर येते, गीझर बंद झाला की परत वर. फक्त 6 अँपिअरच्या खाली गाडीला उतरवता येत नाही, थांबवावीच लागते, हा नियम सोलरवाल्यांनीही लक्षात ठेवावा, सिंगल फेजला 1.4 किलोवॅट तरी जास्तीचे असल्याशिवाय गाडी त्यावर सुरूच होणार नाही, थ्री फेजला 4.1. दोन गाड्या असतील तर दोन मोठी सर्किटं ओढायच्या आधी एकाच 32 च्या फीडवर लोड वाटून घेणारे दोन खोके बघा, रात्र मोठी असते.

जागा ठरवताना गाडीचं चार्जिंगचं तोंड कुठे आहे ते बघा, कुणाचं पुढे नाकावर, कुणाचं मागे डावीकडे. पुढच्या गाडीचं दुसरीकडे असू शकतं, म्हणून पाच मीटरची केबल जेमतेम पुरत असेल तर सातची घ्या. या तोंडाचेही प्रकार असतात, टाइप 1 फक्त सिंगल फेज, टाइप 2 सिंगल आणि थ्री फेज दोन्हीला चालतं, वेगवेगळ्या तोंडाच्या गाड्या घरात असतील तर केबल चिकटलेला खोका न घेता सॉकेटवाला घ्या आणि केबली वेगळ्या ठेवा. खोका उन्हात नको, तापला की बरेच खोके स्वतःच करंट कमी करतात. आणि नवीन इमारती बांधणाऱ्यांनी निदान प्रत्येक पार्किंगपर्यंत एक रिकामा जाड पाइप आणि एक डेटा केबलचा पाइप तरी टाकून ठेवावा, स्लॅब ओतून झाल्यावर त्याच कामाला ड्रिल आणि भांडणं दोन्ही लागतात.

आता तुमच्याकडे मागणं एवढंच. गाडीचा रिव्ह्यू छापता तेव्हा खालच्या चौकटीत चार गोष्टी वाढवा: ऑनबोर्ड एसी चार्जर किती किलोवॅटचा, तो आकडा किती फेजवरचा आणि सिंगल फेजवर किती, चार्जिंगचं तोंड गाडीच्या कुठल्या बाजूला, आणि गाडीसोबत येणारी केबल किती अँपिअरची. कंपनीने सांगितलं नाही तर रकाना रिकामा सोडून "कंपनीने दिलं नाही" असं छापा, पुढच्या वेळी देतील. सनरूफची ओळ काढलीत तर जागाही होईल.

आपला,
एक वायरमन वाचक