धडा सगळ्यांना वाचता यावा, यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

धड्याचे फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकले की धडा सगळ्यांपर्यंत पोचला, असं आपण धरून चालतो. अंध विद्यार्थ्याच्या फोनवर तेव्हा काय होतं, ते एकदा ऐकून बघा. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, 'इमेज' म्हणतं आणि पुढे सरकतं. पुढचा फोटो, पुन्हा 'इमेज'. आठ पानांचा धडा आठ शब्दांत संपतो.

टाइप केलेल्या नोट्सचीही कधीकधी हीच गत होते. युनिकोड, म्हणजे सर्व भाषांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक संकेत देणारी पद्धत, येण्याआधीचे कृतिदेवसारखे फॉन्ट दिसतात देवनागरी, पण आत रोमन अक्षरं असतात. त्यात लिहिलेला 'भारत' हा शब्द स्क्रीन रीडरला 'एच के के जे आर' असा मिळतो. पान डोळ्यांना सुबक दिसतं, त्यामुळे शिकवणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

आम्ही काही शिक्षक, पालक आणि स्वतः या अडचणींतून शिकलेली मुलं-मुली मिळून असं साहित्य दुरुस्त करत आहोत. काम वाढलं आहे आणि हात कमी पडत आहेत.

सर्वांत जास्त गरज आहे ती आकृत्यांचं वर्णन लिहिणाऱ्यांची. हृदयाच्या आकृतीखाली 'हृदयाची आकृती' एवढंच लिहून काही उपयोग नाही. 'चार कप्पे आहेत, वर दोन, खाली दोन. शरीरातून आलेलं रक्त उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून खाली उतरतं आणि फुप्फुसांकडे जातं. फुप्फुसांतून परत आलेलं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात येतं...' असं लिहिलं की न पाहताही रक्ताचा प्रवास कळतो. शिवाय आकृतीत निळा आणि लाल रंग असेल आणि प्रश्न 'निळा बाण काय दाखवतो?' असा असेल, तर रंगांध विद्यार्थीही अडू शकतो. बाणांना क्रमांक दिले की प्रश्न सुटतो. या कामाला संगणकाचं मोठं ज्ञान लागत नाही. विषय समजलेला असावा आणि वाक्य सरळ लिहिता यावं, एवढं पुरे. विषय शिकवलेल्या, आता निवृत्त झालेल्या शिक्षकांना आमची खास विनंती आहे.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी व्हिडिओला मथळे, म्हणजे कॅप्शन, हवेत. यंत्राने आपोआप तयार केलेले कॅप्शन मराठीत वरचेवर चुकतात, आणि नेमके पारिभाषिक शब्द चुकतात. ते ऐकून तपासायला कान हवेत. माउस धरता न येणाऱ्या मुलांसाठी 'जोड्या लावा'सारखे ऑनलाइन प्रश्न कीबोर्डवरूनही सोडवता यायला हवेत. नुसतं ओढून सोडायची सोय असेल, तर उत्तर येत असूनही गुण जातात. वेबसाइट किंवा ॲप तयार करणाऱ्यांनी इथे हात द्यावा.

वेळ देता येत नसेल, तर वस्तू द्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. तेव्हा खर्च सॉफ्टवेअरचा नाही, यंत्राचा आहे. विंडोज चालणारा जुना लॅपटॉप, हेडफोन, स्कॅनर, आवाज स्वच्छ टिपणारा माइक यांपैकी काहीही चालेल, फक्त चालू स्थितीत असावं.

ज्यांनी स्वतः नोट्स, पुस्तकं किंवा प्रश्नसंच लिहिले आहेत, त्यांनी मूळ टाइप केलेली फाइल दिली तर आमचे कितीतरी दिवस वाचतील. छापील पान स्कॅन करून त्यातली जोडाक्षरं एकेक तपासणं हे सर्वांत वेळखाऊ काम आहे. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करता याव्यात, म्हणून २०१३ मध्ये मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही लेखकाने आपणहून फाइल दिली, तर त्याचा आनंद वेगळाच असतो.

सहभागी व्हायचं असेल, तर आमच्या कोणत्याही कार्यकर्त्याकडे आपलं नाव, विषय आणि आठवड्यातले मोकळे तास नोंदवा. पहिलं पान आम्ही आपल्यासोबत बसून करू आणि ते एका विद्यार्थ्याकडून वाचून घेऊ. सुरुवात विज्ञान आणि भूगोलापासून करत आहोत, कारण आकृत्या आणि नकाशे तिथेच सर्वांत जास्त आहेत.