बटणे बडवून गुण मिळत नाहीत

प्रति,
संपादक,
रविवार पुरवणी

महोदय,

आपल्या पुरवणीत सुटीतल्या व्हिडिओ गेमविषयी लिहिताना स्केटबोर्डिंगचे गेम बटणे बडवण्याच्या खेळांच्या रांगेत बसवले आहेत. मारामारीचे काही गेम तसे खेळता येत असतीलही. स्केटबोर्डवर मात्र बडवणारा पहिल्या दहा सेकंदांत तोंडावर आपटतो. इथे लागते मोजणी आणि नेमकी वेळ. हरण्याची कारणेही बोट ठेवून दाखवता येतात, आणि त्यातले पहिले कारण मुलाच्या हातात नसते, टीव्हीत असते.

उदाहरण म्हणून या प्रकारातला सर्वांत परिचित गेम घेतो, ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’. पहिला भाग १९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आला. पहिले दोन भाग २०२० मध्ये नव्याने बांधून एकत्र निघाले, तिसरा आणि चौथा जुलै २०२५ मध्ये. पुढची बटणे प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरची आहेत.

आधी टीव्ही. नाचता येईना अंगण वाकडे असे आपण म्हणतो, पण इथे अंगण खरोखरच वाकडे असते. आजचे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर बरीच प्रक्रिया करतात: हालचाल गुळगुळीत करणे, रंग उजळणे, कडा कोरणे. सिनेमा बघताना त्याने काही बिघडत नाही. गेममध्ये मात्र बटण आत्ता दाबले जाते आणि त्याचा परिणाम पडद्यावर उशिरा उमटतो. सेकंदाला ६० चित्रे धरली तर एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. टीव्हीने १०० मिलिसेकंद घेतले की मूल सहा चित्रे मागे खेळत असते. बोर्ड जमिनीला टेकताना बटण दाबायचे असते आणि पडद्यावर तो टेकलेला दिसतो तेव्हा गेमच्या हिशेबात तो क्षण गेलेला असतो. मग मूल चिडून बटणे बडवू लागते.

उपाय फुकट आहे. टीव्हीच्या पिक्चर मोडमध्ये ‘गेम’ निवडा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. बऱ्याच टीव्हींवर ही निवड त्या त्या एचडीएमआय पोर्टपुरतीच राहते, त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टला लावली की पुन्हा बघावे लागते. फरक मोजायचा असेल तर मोबाइलच्या २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत टिपा आणि अंगठा दबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतची चित्रे मोजा. २४ चित्रे म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. त्यात गेमचा स्वतःचा वेळही येतो, म्हणून एकच आकडा बघू नये. साध्या मोडमध्ये किती आणि गेम मोडमध्ये किती, हा फरक बघावा.

आता बटणे. एक्स दाबून धरला की खेळाडू गुडघे वाकवतो आणि वेग घेतो. सोडला की उडी, म्हणजे ऑली. नवशिके टकटक करत एक्स दाबतात, म्हणून त्यांना ना वेग मिळतो ना उंची. बोट एक्सवर ठेवून सोडायला शिकणे हा पहिला धडा. हवेत असताना दिशेसोबत चौकोन दाबला की बोर्ड फिरतो (डावीकडे अधिक चौकोन म्हणजे किकफ्लिप), गोल दाबून धरला की बोर्ड हाताने पकडला जातो आणि रेलजवळ, म्हणजे कठड्याच्या दांड्याजवळ, त्रिकोण दाबला की बोर्ड रेलवरून घसरत जातो, म्हणजे ग्राइंड. पडण्याची कारणे बहुतेक तीनच: जमीन जवळ आल्यावर सुरू केलेला आणि अर्ध्यावर राहिलेला फ्लिप, वेळेत न सोडलेला गोल, आणि गिरकी अपुरी राहून आडवा टेकलेला बोर्ड. उतारावर सरळ उतरायचे तर गिरकी १८० अंशांच्या पटीत पूर्ण झालेली हवी.

खरी गंमत गुणांच्या हिशेबात आहे, आणि तिथे कबड्डी आठवावी. चढाईला गेलेला गडी चार जणांना शिवला तरी मध्यरेषेला परत येईपर्यंत त्याच्या नावावर काही नसते. इथेही करामतींची साखळी, म्हणजे कॉम्बो, चालू असताना गुण नुसते दिसतात. नीट उतरून साखळी संपली तरच ते जमा होतात. पडलात की त्या साखळीचे सगळे गेले. हिशेब असा: करामतींच्या मूळ गुणांची बेरीज गुणिले करामतींची संख्या. समजा ३००, २०० आणि ४०० गुणांच्या तीन करामती झाल्या. बेरीज ९००, गुणिले ३, म्हणजे २,७००. आता तिला फक्त १०० गुणांची चौथी करामत जोडा. बेरीज १,०००, गुणिले ४, म्हणजे ४,०००. शंभराच्या करामतीने १,३०० वाढवले! म्हणून अवघड करामतीच्या मागे धावण्यापेक्षा सोप्या सहा-सात न तुटता जोडणे फायद्याचे. तीच करामत पुन्हा पुन्हा केली तर तिचे गुण घटत जातात, त्यामुळे एका किकफ्लिपवर भागत नाही. चारी दिशांचे चार फ्लिप पाठ हवेत.

साखळी जोडणारे दोन दुवे आहेत. पहिला मॅन्युअल: सपाट जमिनीवर उतरण्याच्या बेताला वर-खाली झटपट दाबायचे, की खेळाडू मागच्या चाकांवर तोल धरून चालतो आणि साखळी जिवंत राहते. १९९९ च्या गेममध्ये हे नव्हतेच. मॅन्युअल २००० च्या दुसऱ्या भागात आले. दुसरा दुवा रिव्हर्ट, २००१ च्या तिसऱ्या भागातला: उभ्या उतारावर परत टेकताना आर-टू (कंट्रोलरच्या मागचे उजवे बटण) दाबायचे, की बोर्ड सर्रकन फिरतो. रिव्हर्ट एकटा पुरत नाही. त्याच्या पाठोपाठ लगेच वर-खाली करून मॅन्युअल धरला तरच साखळी पुढे रेलपर्यंत जाते. आर-टू आणि वर-खाली ही एकाच श्वासातली हालचाल म्हणून शिकावी. नव्या बांधणीत हे दोन्ही दुवे पहिल्या भागाच्या मैदानांतही चालतात. मूळ गेमच्या ‘वेअरहाउस’ या मैदानात ५,००० आणि १५,००० गुण ही दोन उद्दिष्टे होती. त्या काळी १५,००० साठी दोन मिनिटांची अख्खी फेरी घाम गाळावा लागे; दोन्ही दुवे जमले की एखाददुसऱ्या साखळीत ते काम होते.

तोल सांभाळताना नेहमीची चूक म्हणजे उलट दिशा दाबून धरणे. पडद्यावरचा तोलाचा काटा वर सरकला की खाली, खाली सरकला की वर, पण छोट्या टिचक्या. धरून ठेवले की काटा दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून परत येत नाही. मॅन्युअलचा तोल वर-खाली, रेलवरचा डावी-उजवीकडे. साखळी लांबते तसा तोल अवघड होत जातो, त्यामुळे हातचे सोडून पळत्याच्या मागे लागण्याचा मोह कुठे आवरायचा हे ज्याचे त्याला कळायला हवे. मिळवायचे तेवढे गुण आलेत, काटा थरथरतोय, अशा वेळी मुकाट उतरावे. उलट फेरीची दोन मिनिटे संपली तरी चालू असलेली साखळी घड्याळ तोडत नाही. शून्य दिसताच घाबरून उतरणारे इथे फुकट गुण सोडतात.

शिकण्यासाठी घड्याळ नसलेला ‘फ्री स्केट’ उघडावा. ‘गेम मॉड्स’ या सेटिंगमध्ये तोल कधीच न जाण्याची सोय आहे. ती मॅन्युअलपुरती चालू करून आधी वाट पाठ करावी: कोणत्या उतारावरून कोणत्या रेलवर, तिथून कुठे. मग सोय बंद करून त्याच वाटेने जावे. मैदानात विखुरलेली एस-के-ए-टी-ई ही अक्षरे एकाच फेरीत गोळा करायची असतात, तेव्हा त्या फेरीत गुणांचा नाद सोडलेला बरा.

कंट्रोलरबद्दल थोडे. या गेमला अंगठ्याने फिरवायच्या काठीपेक्षा (अ‍ॅनलॉग स्टिक) चार बाणांची बटणे बरी. काठीने वर-खाली करताना अंगठा तिरका जातो आणि मॅन्युअल हुकतो. काठी आपोआप सरकत असेल तर आतली कार्बनची पट्टी घासली गेली असण्याची शक्यता मोठी. मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट केल्याने जोडणीची कुरबूर जाते, झिजलेली पट्टी भरून येत नाही.

बटणांऐवजी काठीवर चालणारे गेमही आहेत. २००७ च्या ‘स्केट’मध्ये उजवी काठी खाली ओढून वर झटकली की ऑली होते, तिरकी झटकली की फ्लिप. ‘सेशन’मध्ये एकेक काठी म्हणजे एकेक पाय, आणि वळायला एल-टू, आर-टू. तिथे गुणांची शर्यत नाही. एक साधी ऑली जमायला संध्याकाळ जाते. हा गेम लहान मुलाला पहिल्यांदा देऊ नये. २०२५ मध्ये आलेला नवा ‘स्केट’ विनामूल्य आहे, पण इंटरनेटशिवाय सुरूच होत नाही. ज्या घरी नेट सारखे जाते तिथे त्याचा उपयोग नाही.

एक विनंती. पुरवणीत गेमचे परीक्षण छापताना किंमत आणि चित्रांचा दर्जा सांगता, त्याच ओळीत तो गेम कोणत्या टीव्हीवर आणि कोणत्या पिक्चर मोडमध्ये खेळून पाहिला, हेही छापावे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली